भीमगीतांच्या कॅसेटची मुखपृष्ठे

गेल्या उन्हाळ्यात घराचे कवेलू फेरायला काढले तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. पेटीत कॅसेट होत्या. मोजल्या तर एकशे त्रेचाळीस भरल्या. दीक्षाभूमीवरच्या दुकानांतून, यवतमाळच्या बसस्थानकाबाहेरून, दारव्ह्याच्या बाजारातून वीस-बावीस वर्षांत जमवलेल्या. टेपवर पांढरी बुरशी धरली होती; एकही वाजण्याच्या लायकीची उरली नव्हती. डबीतले कागद मात्र बहुतेक शाबूत होते. निळा रंग तर काल छापल्यासारखा. बारावीत शिकणाऱ्या नातवाने एक कागद डबीतून ओढून काढला, त्याच्या घड्या उलगडल्या आणि विचारले, ‘आबाजी, येवढ्याशा कागदावर येवढं कायले लिवलं असन?’

या लेखाचे निमित्त तो प्रश्न आहे. मी पस्तीस वर्षे या जिल्ह्यात चित्रकलेचा शिक्षक होतो. खेड्यातल्या चित्रकलेच्या शिक्षकाला जे जे करावे लागते ते सर्व मी केले. जयंतीच्या कमानी रंगवल्या, विहाराच्या भिंतीवर पंचशील लिहिले, मोर्चाचे फलक लिहिले आणि चार कॅसेटची मुखपृष्ठेही केली. तेव्हा संगीतावर नसला तरी संगीताच्या कागदावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

संगीताच्या मुखपृष्ठांची कला संपली अशी हळहळ शहरातले रसिक अधूनमधून व्यक्त करतात. त्यांची हळहळ खोटी नाही. पण ती बहुधा दिवाणखान्यात मांडून ठेवण्याजोग्या एका सुंदर वस्तूसाठी असते. आपल्या वस्तीत ही वस्तू दुसऱ्याच कामाची होती. गाणे कोणी लिहिले, कोणी गायले, कोणत्या गावच्या पार्टीने वाजवले, ते कोणत्या प्रसंगातून आले, हे सांगणारा एकमेव छापील पुरावा बहुतेक वेळा तोच कागद होता. म्हणून त्याचा ऱ्हास कसा झाला हे समजून घेताना केवळ रंगरेषांविषयी बोलून भागणार नाही.

आधी थोडे मागे जाऊ. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. ती साध्या कागदी लिफाफ्यात मिळे. लिफाफ्याला मधोमध गोल भोक, म्हणजे तबकडीवरची चिठ्ठी वाचता यावी. अशा अनेक तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या एकत्र बांधून विकत, म्हणून त्यांना अल्बम म्हणू लागले. त्या वहीचा पुठ्ठा कोरा किंवा नुसत्या अक्षरांचा असे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीतल्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्या पुठ्ठ्यावर चित्र छापायला लावले, आणि तेव्हापासून मुखपृष्ठ ही वेगळी कला झाली. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली. तिच्या पाकिटाने चित्रकाराला सुमारे ३१ सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद जागा दिली.

त्या जागेवर कोणाचा चेहरा यावा, हा प्रश्न तिथेही सरळ सुटलेला नाही. माइल्स डेव्हिस हा कृष्णवर्णीय जॅझ वादक. १९५७ मध्ये त्याची ‘माइल्स अहेड’ ही तबकडी निघाली तेव्हा कंपनीने पाकिटावर शिडाच्या होडीत बसलेली एक गोरी स्त्री छापली. वाजवणारा काळा, विकणारा चेहरा गोरा! डेव्हिसने हरकत घेतली आणि पुढच्या छपाईत त्याचा स्वतःचा फोटो आला. १९६१ च्या एका तबकडीवर तर त्याने आपली पत्नी फ्रान्सेस टेलर हिचा चेहरा छापून घेतला. कृष्णवर्णीयांच्या साहित्याविषयी आपण पुष्कळ बोललो. त्यांच्या पाकिटांवरच्या या झगड्याविषयी फारसे बोललो नाही.

आपल्याकडे तबकडी म्हणजे अनेक वर्षे एकच कंपनी, कुत्रा आणि कर्णा या चित्राची. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज तबकडीवर आले आणि खेड्यापाड्यात पोचले. पण आमच्या वस्तीत तबकडी विकत घेणारा होता कोण? दारव्ह्याचा भोंगेवाला बैलगाडीतून बॅटरी आणि कर्णे घेऊन यायचा. त्याच्याजवळच्या तबकड्या मी लहानपणी हाताळल्या आहेत. त्या कंपनीच्या सामान्य लिफाफ्यात असत. गाणे बाबासाहेबांचे आणि लिफाफ्यावर चित्र कुत्र्याचे. चवदार तळ्यावर कुत्र्याला मज्जाव नव्हता, आमच्या बापजाद्यांना होता. त्यामुळे त्या लिफाफ्याची मला उगीचच चीड येई. चित्राचा त्यात काही दोष नाही, हे पुढे कळले.

आमचे खरे मुखपृष्ठ होते ते गीतपुस्तिकांचे. आठ किंवा सोळा पानांची, ट्रेडल मशीनवर छापलेली, दोन पिना मारलेली पुस्तिका. वर बाबासाहेबांचा किंवा बुद्धाचा झिजलेला ब्लॉक, खाली कवीचे नाव आणि गाव. पुष्कळदा कवी स्वतःच प्रकाशक असे आणि कार्यक्रम संपला की तोच पिशवीतून काढून ती विके. वाचता येणारी माणसे थोडी, पण पुस्तिका घेणारी पुष्कळ. आपल्या चळवळीला पहिल्या पानाचे महत्त्व नवे नव्हते. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तो शिरोभागी तुकोबांचा अभंग घेऊन, आणि ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ निघाला तो ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घेऊन. पत्राच्या कपाळावर काय असावे याचा बाबासाहेबांनी विचार केला होता.

मग कॅसेट आली. फिलिप्स कंपनीने ती १९६३ मध्ये काढली, पण आमच्या गावात ती पोचली ऐंशीच्या दशकात. १९८३ मध्ये टी-सिरीज सुरू झाली, भाव उतरले, गल्लोगल्ली कॅसेट उतरवून देणारी दुकाने निघाली. कापसाचा चुकारा हाती आला की टू-इन-वन घेणारी घरे बौद्धवाड्यातही दिसू लागली. पूर्वी कंपनी गायकाला निवडत असे. आता पाच-दहा हजार रुपये उभे करू शकणारी कुठलीही गायन पार्टी नागपूरला एका रात्रीत आठ गाणी ध्वनिमुद्रित करून येऊ लागली. १४ एप्रिल, दसऱ्याची दीक्षाभूमी, ६ डिसेंबर हे तिचे बाजार. आणि प्रत्येक कॅसेटला एक कागद लागे. इनले कार्ड म्हणत त्याला.

हा कागद कसा तयार होई ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते जाणणारे आता थोडे उरले आहेत. कार्डाची दर्शनी बाजू साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, म्हणजे ६५ चौरस सेंटिमीटर. लाँग प्लेच्या पाकिटाचा जवळजवळ पंधरावा हिस्सा. पार्टीचा शाहीर माझ्याकडे येई तो पासपोर्ट फोटोंचे पाकीट घेऊन. गायक, गायिका, कोरस, पेटीवाला, ढोलकीवाला, बेंजोवाला, सगळ्यांचे चेहरे हवेत. त्यात बाबासाहेब, बुद्ध, रमाई. शिवाय ज्याने पैसे दिले त्याचाही फोटो. मी म्हणायचो, ‘शाहीर, ही कॅसेट आहे, एसटी नाही.’ तो म्हणायचा, ‘मास्तर, कोनाले उतरवू सांगा.’ आणि खरेच कोणाला उतरवावे? आयुष्यात या माणसांचा चेहरा कुठे छापून येणार होता?

चित्र लांबी-रुंदीने दुप्पट काढावे लागे आणि छापखान्यात कॅमेऱ्याने निम्मे करत. निम्मे करताना बारीक रेघ मरते. म्हणून चष्म्याची काडी, भुवया, ओठांची कड जाड काढायची. अक्षरांचे तर विचारू नका. देवनागरीच्या मात्रा आणि उकार लहान होताना शाईने भरून येतात. ‘भीम’चा ‘भ’ छापून आल्यावर ‘म’सारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे अक्षराच्या पोटातली पोकळी मुद्दाम मोठी ठेवणे. चार रंगांच्या चार प्लेटी एकमेकींवर तंतोतंत बसत नसत, रंग हलत असे. म्हणून निळ्यावर लाल अक्षर काढताना भोवती पांढरी कड सोडायची, म्हणजे हललेला रंग त्या कडेत झाकला जातो. पुष्कळांना ही पांढरी कड भडक आवड वाटते. ती आमची आवड नव्हती, मशीनची खोड होती. आणखी एक जागा महत्त्वाची, डबीचा कणा. सेंटिमीटरभर जाडीची पट्टी. दीक्षाभूमीवर दुकानदार कॅसेटची थप्पी लावत, तेव्हा गिऱ्हाइकाला फक्त कणा दिसे. त्या पट्टीवर पंधरा हात लांबून वाचता येईल असे नाव लिहायला मला पहिल्या वेळी तीन रात्री लागल्या.

आतल्या घडीवर बाजू अ, बाजू ब. प्रत्येक गाण्यापुढे गायकाचे नाव, कवीचे नाव. खाली वादक. कधी पार्टीचा पत्ता, ‘कार्यक्रमासाठी भेटा’ म्हणून. माझ्या पेटीतल्या कागदांवर या जिल्ह्यातली कितीतरी गावे आहेत. पुसद, दिग्रस, आर्णी, वणी, राळेगाव या तालुक्यांतल्या खेड्यांची ही नावे गीतकारांची गावे म्हणून दुसरीकडे कुठे छापली गेली असतील असे मला वाटत नाही. नामांतराच्या काळातले एक कार्ड आहे, त्यावर विद्यापीठाची कमान आणि खाली शहिदांची नावे. पैनगंगा ओलांडली की आमच्या उमरखेड तालुक्यापलीकडे नांदेड जिल्हा लागतो. पोचिराम कांबळे त्या जिल्ह्यातले, १९७८ मध्ये मारले गेले. त्यामुळे ती नावे आमच्याकडे शेजाऱ्याची नावे म्हणून लिहिली जात. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला. त्याच दसऱ्याला आलेल्या एका कॅसेटच्या कार्डाला काळी चौकट आहे. चित्र अगदी साधे, पण त्या कार्डाला वर्ष लिहायची गरज नाही.

सगळी चित्रे चांगली होती असे मी म्हणणार नाही. निम्म्याहून अधिक उसनी होती. एकाच कॅलेंडरवरून उचललेले बाबासाहेब दहा कॅसेटवर. आणि त्यांच्या डोक्यामागे तेजोवलय! कुठल्या तरी शहरातल्या, देवादिकांची चित्रे करणाऱ्या कलावंताला काम दिले की तो सवयीने वलय काढी, पायाशी कमळ काढी. संसदेच्या आवारात २ एप्रिल १९६७ ला ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा उभा राहिला. काखेत संविधान, उजवा हात उंचावलेला. त्यात वलय नाही. पुढे जाणारा माणूस आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या कॅसेटवर मात्र वलय चालून गेले, आणि आम्ही चित्र काढणाऱ्यांनी ते चालू दिले. हा दोष आमचा.

माझ्या वाट्याला आलेला एक प्रसंग सांगतो. १९८९ मध्ये दारव्हा तालुक्यातल्या एका पार्टीसाठी मी चित्र केले. पऱ्हाटीचे शेत, ओट्यात कापूस घेऊन उभ्या दोन बाया, आणि त्यांच्या मागे शाळेच्या खिडकीत पुस्तक वाचणारी मुलगी. बाबासाहेब कुठेच नव्हते; फक्त मुलीच्या पुस्तकावर चष्मा ठेवलेला. गाणी लिहिणारा कवी सालदार होता. चित्र पाहून तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘थे माही बायको हाये.’ चित्र कंपनीकडे गेले. छापून आले तेव्हा शेत नव्हते, बाया नव्हत्या. चमकीच्या कोटातला मुख्य गायक होता आणि वलयांकित बाबासाहेब. माझे चित्र गेले याचे दुःख मी गिळले असते. पण आतल्या घडीवर पाच गाण्यांपुढे कवीच्या नावाच्या जागी ‘पारंपरिक’ छापले होते. मी कार्ड घेऊन त्याच्या घरी गेलो. तो हसला. ‘मास्तर, मी जिता असतानीच पारंपरिक झालो ना!’

हे अज्ञानाने झाले असे मला तेव्हा वाटले होते. आता तसे वाटत नाही. पारंपरिक म्हटले की मानधन नाही, परवानगी नाही, वारस नाही. कायद्याने यात काही अडवले का? १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात ५२-अ हे कलम आले. ध्वनिमुद्रण बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष वेष्टनावर छापलेच पाहिजे, असे ते सांगते. गीत लिहिणाऱ्याचे नाव ते वेगळे मागत नाही. हक्क विकला की कवी त्या यादीतून बाहेर. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मानधनातला वाटा मिळण्याचा, सहजी काढून न घेता येणारा हक्क दिला. पण वाटा मागायला आधी नाव सिद्ध करावे लागते. ज्याच्याकडे कार्ड नाही, त्याने कोणता कागद दाखवायचा?

पुढची हकीकत झपाट्याने घडली. नव्वदच्या दशकात संगणक आला. श्रीलिपीची अक्षरे आणि कोरल ड्रॉवर अर्ध्या तासात कार्ड होऊ लागले. माझ्यासारख्याचे काम गेले, त्याची तक्रार नाही. यंत्राने अक्षरे तर स्वच्छ आली. पण त्यापाठोपाठ एमपी-थ्रीची सीडी आली. एका चकतीत शंभर-दीडशे गाणी. शंभर गाण्यांचे कवी कोण छापणार? कागदावर फक्त मोठा आकडा आणि एक फोटो. नंतर मोबाइलच्या दुकानांवर पाटी लागली, ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील.’ नखाएवढ्या त्या कार्डाला मुखपृष्ठ असण्याचा प्रश्नच नव्हता. गाण्याचे नाव ‘ट्रॅक ०७’ झाले. भीमगीत, लग्नाचे गाणे आणि सिनेमाचे गाणे एकाच ओळीत, एकाच नावाचे.

आज यूट्यूबवर गाण्यापुढे चौकोनी चित्र असते. सारी चित्रे एका साच्यातली. पिवळी ठळक अक्षरे, स्पीकरची भिंत, कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह. अलीकडे तर यंत्राला सांगून चित्र बनवून घेतात. परवा नातवाने एक दाखवले. त्यात बाबासाहेबांच्या हातातल्या पुस्तकावर जी अक्षरे होती ती जगातल्या कुठल्याच लिपीतली नव्हती. संविधानावर न वाचता येणारी अक्षरे! मी बराच वेळ ते पाहत राहिलो. तरी न्यायाने एक सांगितले पाहिजे. झरी-जामणीचा पोरगा आज कोणत्याही कंपनीच्या दारात न जाता आपले गाणे जगापुढे ठेवतो. आम्हाला हे स्वप्नातही शक्य नव्हते. आणि जागेची अडचणही आता नाही. ६५ चौरस सेंटिमीटरच्या कागदाच्या घडीत आम्ही वीस नावे बसवत होतो. गाण्याखालच्या चौकटीत आज पानभर मजकूर मावतो. तिथे ध्वनिव्यवस्थेवाल्याचे नाव असते, जाहिरातीसाठी फोन नंबर असतो. कवी नसतो.

हा केवळ खेड्यातला निष्काळजीपणा समजू नका. २०२१ मध्ये ‘एंजॉय एंजामी’ हे तमिळ गाणे जगभर गाजले. ते लिहिणारा आणि धी हिच्यासोबत गाणारा अरिवू हा दलित कलावंत. आपल्या मळेमजूर आजीच्या आठवणीतून त्याने ते उभे केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर धी आणि दुसरा एक गायक आले, अरिवू नव्हता. पा. रंजित यांच्यासह अनेकांनी जाहीर निषेध केल्यानंतर अरिवूचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. चौकट बदलली, माध्यम बदलले, आणि चेहरा कोणाचा हा प्रश्न माइल्स डेव्हिसच्या होडीपासून तिथेच आहे.

काही मित्र म्हणतात, कागद गेला तर जाऊ द्या, गाणे जिवंत आहे ना? आपली परंपरा तोंडी आहे. हा आक्षेप मला विचार करायला लावतो. आपल्या शाहिरांना कागदाचा भरवसा कधीच नव्हता, म्हणून त्यांनी आपले नाव गाण्यातच गोवले. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. संतांपासून चालत आलेली ही नाममुद्रा म्हणजे एक प्रकारे न फाटणारे मुखपृष्ठच. कंपनीने ‘पारंपरिक’ छापले तरी गाणारा शेवटच्या कडव्यापर्यंत पोचला की कवी समोर येत असे. पण डीजेच्या मिक्समध्ये काय वाजते? धृपद, पहिले कडवे, पुन्हा धृपद, आणि ठोका. शेवटचे कडवे कापले जाते. कागदावरून नाव गेल्यावर उरलेली ही शेवटची जागाही अशी जाते आहे, आणि ती जाताना मिरवणुकीत आपणच नाचत असतो.

पेटीतल्या कार्डांची नातवाने आणि त्याच्या दोन मित्रांनी वही केली आहे. गाव, कवी, गायक, वादक, वर्ष. जिथे वर्ष छापलेले नाही तिथे मी किमतीवरून अंदाज करतो. अकरा कार्डे उधईने खाल्लेली निघाली. त्यांतल्या एकावर गाण्यांची नावे शाबूत होती, पण कवींची बाजू पार गेलेली. नातवाने त्यातले पहिले गाणे फोनवर शोधले. सापडले, दोन मिनिटांत संपले, नाव आले नाही. मग आम्ही वस्तीतल्या एका म्हातारीकडे गेलो. कापूस वेचताना बायांच्या पातीत ही गाणी सांगणारी ती. तिने तंबाखू थुंकला, घसा खाकरला आणि पाच कडवी म्हटली. पाचव्यात नाव होते. नातवाने ते कार्डाच्या कुरतडलेल्या कडेवर बॉलपेनने लिहिले. दुसऱ्या गाण्याची तिला तीनच कडवी येत होती. ‘हे मले पुरं येत नाही बाप्पा,’ ती म्हणाली, ‘घाटंजीले माही मावसबहीन हाये, तिले येते.’ पुढच्या रविवारी आम्ही घाटंजीला जाणार आहोत.